विलोवुड आणि चहाचे टेबल : एका सुनिताचे भिंतीवरील वाचन

हेर्मान मुथेसियस या जर्मन वास्तुमीमांसकाने इंग्लंडमधील घरांवर १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चार्ल्स रेनी मॅकिंटॉशच्या खोल्यांविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. या खोल्या इतक्या काटेकोरपणे सिद्ध झालेल्या आहेत, की विजोड बांधणीचे एखादे पुस्तक टेबलावर पडून राहिले तरी तेथील वातावरण बिघडावे, असा त्याचा आशय. मुथेसियस मॅकिंटॉशचा चाहता होता, आणि या विधानात कौतुकाचा भाग मोठा आहे. तरीही साहित्याच्या अभ्यासकाने ते जरा थबकून वाचावे. पुस्तकाची उपस्थिती सहन न करणाऱ्या या वास्तुकाराच्या सर्वांत डौलदार खोलीत, ग्लासगो शहरातील एका उपाहारगृहाच्या पहिल्या मजल्यावर, १९०३ पासून एक कविता भिंतीवर होती. तिचे शब्द तेथे नव्हते आणि पुस्तकही नव्हते. होता तो गिलाव्याचा एक उंच, अरुंद फलक. त्याच्या शीर्षकासाठी दान्ते गाब्रिएल रोझेटीच्या एका सुनिताचे आरंभीचे शब्द उचललेले होते. छापील पानावरून काढून चहाच्या खोलीत लावलेल्या या कवितेचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तिची शोभेची वस्तू झाली, असे एक उत्तर तत्काळ सुचते. मला ते अपुरे वाटते. का वाटते, ते सांगण्याचा हा प्रयत्न.

प्रथम खोलीविषयी. केट क्रॅन्स्टन (१८४९-१९३४) या बाईने ग्लासगोत आपले पहिले चहागृह १८७८ मध्ये काढले. दारूबंदीच्या चळवळीचा जोर आणि मध्यमवर्गीय स्त्रियांना शहरात सोबतीवाचून बसण्यासारखी जागाच नसणे, या दोन गोष्टींनी अशा चहागृहांना गिऱ्हाईक मिळवून दिले. १८९६-९७ च्या सुमारास क्रॅन्स्टनबाई मॅकिंटॉशला काम देऊ लागल्या आणि पुढची वीस वर्षे देत राहिल्या. सॉकीहॉल स्ट्रीटवरील ‘विलो टी रूम्स’ हे त्यांचे चौथे चहागृह, १९०३ च्या ऑक्टोबरात उघडलेले. इमारत मूळची जुनीच. पण दर्शनी भागापासून खुर्च्यांपर्यंत सारे काही मॅकिंटॉशच्या हाती सोपविलेले असे त्यांचे हे एकमेव चहागृह. तळमजल्यावर पुढे उजळ आणि मागे गडद अशी दोन दालने, मागच्या दालनावर सज्जा, सर्वांत वर पुरुषांसाठी बिलियर्ड व धूम्रपानाच्या खोल्या. या दोहोंमध्ये, रस्त्याच्या बाजूला किंचित पुढे आलेल्या खिडकीमागे, ‘सालों द ल्यूक्स’. येथे चहाचा दर इतर दालनांपेक्षा थोडा अधिक होता.

या खोलीचे रंग तीन : पांढरा, रुपेरी आणि जांभळा. भिंतींचा खालचा भाग रेशमी आवरणाचा, त्याच्या शिवणींवर मणी. त्याच्या वर खोलीला वेढणारी शिशाच्या पट्ट्यांत जडविलेल्या आरशांची व रंगीत काचांची पट्टी. मधल्या टेबलांभोवती रुपेरी रंग दिलेल्या उंच पाठीच्या खुर्च्या, त्यांना जांभळी मखमल आणि पाठीच्या वरच्या भागात जांभळ्या काचेचे लहान चौकोन. प्रवेशद्वाराची दोन्ही कवाडे शिसेजडित काचेची. एका बाजूच्या भिंतीत शेकोटी आणि तिच्या समोरच्या भिंतीत मार्गारेट मॅकडोनल्डने (१८६४-१९३३) केलेला आपला फलक. मार्गारेट ही मॅकिंटॉशची पत्नी. दोघांचे लग्न १९०० मध्ये झाले. गोणपाटावर गिलावा चढवून त्यात सुतळीने रेषा उठवायच्या, मणी बसवायचे आणि मग रंग द्यायचा, ही तिची रीत. फलकात लांबोडक्या स्त्री-आकृती आहेत. चेहरे ओळखू येतात, शरीरे मात्र वस्त्राच्या आणि फांद्यांच्या लवत्या रेषांत विरून गेलेली आहेत. मधल्या आकृतीला एका मोठ्या अंडाकृती रेषेने कवेत घेतले आहे.

आता कविता. ‘विलोवुड’ या शीर्षकाची चार सुनिते रोझेटीने १८६८ च्या डिसेंबरात लिहिली. ती १८६९ मध्ये नियतकालिकात आली आणि पुढे ‘द हाउस ऑफ लाइफ’ या सुनितमालेत समाविष्ट झाली. रोझेटीची पत्नी एलिझाबेथ सिडल १८६२ मध्ये वारली. तिच्या शवपेटीत त्याने आपल्या कवितांचे हस्तलिखित ठेवले आणि १८६९ च्या ऑक्टोबरात ते उकरून काढविले. ही हकीगत इतकी नाट्यपूर्ण आहे, की ‘विलोवुड’चा अर्थ तिच्यातच कोंडला जातो. चरित्रात्मक समीक्षेचे हे नेहमीचेच संकट. सुनिते स्वतः काय करतात ते पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. निवेदक आणि मूर्तिमंत ‘प्रेम’ एका वनातल्या झऱ्याकाठी ओणवून बसले आहेत. त्यांची दृष्टादृष्ट होते ती पाण्यातील प्रतिबिंबात. पाहता पाहता प्रेमाचे डोळे तिचे होतात, लहरींचे केस होतात, ओठ वर येतात. दुसऱ्या सुनितात प्रेम गाऊ लागते आणि झाडाझाडापाशी मुक्या, शोकाकुल आकृती उभ्या दिसतात. त्यांतली प्रत्येक आकृती एकतर ‘मी’ किंवा ‘ती’. गतदिवसांच्या या छाया. तिसरे सुनीत हे प्रेमाचे गीत. विलोच्या वनात भटकणाऱ्या सर्वांना ते उद्देशून आहे, आणि तिला विसरून जावे, तिने या वनात भटकत राहण्यापेक्षा विस्मृती बरी, अशा दारुण सल्ल्याकडे ते जाते. चौथ्यात चुंबन सुटते, चेहरा पाण्यात बुडतो आणि निवेदक ते पाणी प्राशन करतो. (या प्राशनाची चहाच्या पेल्याशी सांगड घालण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा.)

या चारांतून मार्गारेटने तिसरेच का निवडले? कथानकाच्या दृष्टीने पाहता त्यात चित्रित करण्याजोगे फारच थोडे आहे. झरा, प्रतिबिंब, चुंबन हे सारे पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सुनितात आहे, आणि दुसरा एखादा चित्रकार नेमका त्यांच्याकडेच वळला असता. रोझेटी स्वतः चित्रकार होता. चित्रांसाठी सुनिते लिहिण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. मार्गारेट उलट दिशेने निघाली असती आणि केवळ प्रसंगचित्र काढून थांबली असती, तर या फलकाला ‘सुनिताचे चित्र’ म्हणून बाजूला ठेवता आले असते. तिने घेतले ते संबोधन. तिसरे सुनीत द्वितीयपुरुषी आहे : अहो, तुम्ही सारे जे या वनातून चालता, अशी त्याची हाक आहे. छापील पानावर ही हाक ज्यांना मारली जाते ते कवितेतले मूक जन होत. वाचक ती हाक बाजूला उभा राहून ऐकतो. आपल्याला कोणी बोलावले आहे असे त्याला वाटत नाही. भिंतीवर आल्यावर मात्र ही व्यवस्था मोडते. ‘सॉकीहॉल’ या नावात विलो वृक्षाचा स्कॉटिश शब्द दडलेला आहे, त्याचाच आधार घेऊन चहागृहाचे नाव ‘विलो’ ठेवले गेले. सॉकीहॉल स्ट्रीटवरून चालत येऊन जिना चढून या खोलीत बसणारी स्त्री ही शब्दशः ‘विलोच्या वनातून चालणारी’ आहे. हाकेचा रोख तिच्याकडे वळतो. कवितेतल्या श्रोत्यांची जागा गिऱ्हाइकांनी घेतली आहे.

एवढ्यावर थांबलो तर ही एक चतुर कोटी ठरेल. मॅकिंटॉश दांपत्याला अशा कोट्यांची हौस होतीच. पण फलकात दिसणाऱ्या आकृतींकडे पुन्हा पाहावे. रोझेटीच्या वनात प्रत्येक छाया ‘मी’ किंवा ‘ती’ आहे. फलकात ‘मी’ उरलेलाच नाही. शोक करणारा पुरुष आणि त्याच्यासाठी गाणारे प्रेम, दोघेही गळाले आहेत. मूळ सुनितांत स्त्री ही प्रतिबिंब आहे. ती पाण्यातून वर येते, पुन्हा पाण्यात जाते, आणि तिला स्वतःचा आवाज नसतो. वीणेच्या स्वरात निवेदकाला तो भासतो इतकेच. फलकात चालणाऱ्या स्त्रियाच आहेत. ‘विलोवुड’शी यमक साधणारा ‘विडोहुड’, म्हणजे वैधव्य, हा शब्द या तिसऱ्या सुनितात येतो. रोझेटीच्या लेखी तो पुरुषाच्या मनाचे रूपक आहे. मार्गारेटने रूपक काढून टाकून शब्दाचा पहिला अर्थ परत आणला, असे म्हणता येईल. एका स्त्रीने एका पुरुषाच्या कवितेचे केलेले हे वाचन आहे. ते शब्दांत मांडलेले नसल्यामुळे समीक्षेच्या इतिहासात त्याची वाचन म्हणून नोंद झाली नाही.

नोंद न होण्यामागे आणखीही एक कारण आहे. निकोलाऊस पेव्ह्झ्नरने १९३६ मध्ये आधुनिक वास्तुकलेच्या प्रवर्तकांचा इतिहास लिहिताना मॅकिंटॉशला त्यात मानाचे स्थान दिले. या मांडणीत मॅकिंटॉशच्या सरळ रेषा, त्याचे अवकाशभान, त्याचे जाळीदार लाकूडकाम हे सारे पुढे येणाऱ्या युगाची चाहूल ठरले. मग गुलाब, मणी आणि गिलाव्यातल्या म्लान स्त्रिया यांचे काय करायचे? त्या पत्नीच्या पदरी घालणे सोयीचे होते. रचना त्याची, अलंकार तिचा, अशी ही वाटणी. तिला आजही धक्का लागलेला नाही. फरक इतकाच की हल्ली तिचे समर्थक अलंकाराचा गौरव करतात आणि पूर्वीचे समीक्षक त्याचा धिक्कार करीत.

अलंकाराची ही समजूत मराठी वाचकाला अनोळखी नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात तिच्यावर मोठा वाद झालेला आहे. आनंदवर्धनाने अलंकारांना शरीरावरील कड्यांप्रमाणे मानले. त्याच्या आधी वामनाने ‘अलंकार’ हा शब्द सौंदर्याचाच पर्याय म्हणून व्यापक अर्थाने वापरला होता. पहिल्या अर्थाने पाहता फलक काढून घेतला तरी खोली उरते. दुसऱ्या अर्थाने पाहता फलकावाचून ही खोली एक महागडी चहाची जागा होते. दुसरा पक्ष मला ग्राह्य वाटतो; मात्र तो केवळ जाहीर करून भागणार नाही, खोलीच्या अंगोपांगांतून सिद्ध व्हावा लागेल.

आरशांचेच पाहा. ‘विलोवुड’चा सारा व्यापार पाण्यातल्या प्रतिबिंबावर उभा आहे, आणि फलकात पाणी नाही. ते फलकाबाहेर गेले आहे. खोलीला वेढणारी आरशांची पट्टी हाच तो झरा. या आरशांत बसलेल्या माणसाला स्वतःचा संपूर्ण चेहरा सापडत नाही. शिशाच्या पट्ट्या आणि रंगीत काचा त्याचे तुकडे करतात. एका चौकटीत टोपीचा काठ, दुसरीत शेजारणीची हालचाल, तिसरीत खिडकीतला उजेड. कोण कुठले हे सांगता येत नाही. रोझेटीच्या झऱ्यात प्रेमाचे डोळे तिचे होतात तसे येथे एकीचे रूप दुसरीत मिसळते. याच्या शेजारी आडोल्फ लोसने व्हिएन्नात १९०८ मध्ये केलेला लहानसा ‘अमेरिकन बार’ ठेवून पाहण्यासारखा आहे. अलंकारावर तुटून पडणारे आपले प्रसिद्ध व्याख्यान लोसने १९१० मध्ये दिले. त्याच्या बारमध्येही आरसे आहेत, पण ते भिंतीवरील लाकडी आच्छादनाच्या वर, इतक्या उंचीवर की बसलेल्याला त्यांत स्वतः दिसू नये. त्यांत फक्त छताच्या चौकटी दिसतात, आणि इवलीशी खोली दूरवर पसरल्याचा भास होतो. लोसचा आरसा अवकाश वाढवतो आणि माणसाला वगळतो. सालोंमधला आरसा अवकाशाची फिकीर करीत नाही, त्याला माणसे हवी असतात. लोसची खोली अधिक बुद्धिमान आहे, हे मान्य करायला माझी हरकत नाही. पण कविता वाचणारी खोली ती नव्हे.

येथे मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची तीन तत्त्वे या खोलीला लावून दाखविणे सहज शक्य आहे : खुर्चीच्या पाठीतले चौकोन आणि दाराच्या काचा यांचा संवाद, खुर्च्यांची ताठ उभी रेषा आणि फलकातील लवत्या रेषा यांचा विरोध, शेकोटी आणि फलक यांचा समतोल. हे वर्णन खरे आहे, परंतु त्यात बसायला कोणी येत नाही. रिकाम्या खोलीचेच ते वर्णन आहे. या खोलीची जी जुनी छायाचित्रे नेहमी छापली जातात तीही अशीच निर्मनुष्य असतात, हा केवळ योगायोग नसावा. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) स्वायत्ततावाद आणि लौकिकतावाद या दोन ध्रुवांमधील ताण मांडला. चहागृह हे त्या ताणाचे जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. लौकिक व्यवहार (भूक, पैसा, भेटीगाठी) तेथे क्षणभरही थांबत नाही आणि तरीही ती खोली लौकिकापासून वेगळी असल्याचा दावा करते. त्या वेगळेपणाचे पैसेही घेते. कांटच्या परतंत्र सौंदर्याच्या कल्पनेत हे बसवता येईल. पण त्या कल्पनेत वस्तूचे प्रयोजन आधीच ठरलेले असते. येथे प्रयोजनच डळमळीत आहे. चहा पिण्याची जागा म्हणून पाहावे तर एवढ्या शोकाची गरज नव्हती.

एक आक्षेप येथे घ्यायलाच हवा. या शोकाचा गिऱ्हाइकांना पत्ता तरी होता का? बहुतेक जणी फलकाकडे एक नजर टाकून केककडे वळत असतील. हे मान्य आहे. आस्वादकाचे मन हा पुरावा म्हणून मी पुढे करीत नाही. रोझेटी त्या काळी अगदी अपरिचित नव्हता, एवढेच म्हणता येईल. खोलीने एक भूमिका तयार ठेवली होती, संबोधिताची. ती कोणी किती जाणतेपणाने घेतली हा वेगळा प्रश्न. छापील कवितेबाबतही आपण याहून अधिक काही सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो, आणि त्याचे पुरेसे उत्तर माझ्यापाशी नाही. या खोलीत उभ्या असणाऱ्या स्त्रियाही होत्या. क्रॅन्स्टनबाईंच्या वाढपी मुलींचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. पांढरा पोशाख आणि गळ्याभोवती घट्ट बसणारी मोठ्या मण्यांची माळ, असा त्यांचा वेष. मणी रेशमी भिंतीच्या शिवणींवर आहेत, फलकातल्या गिलाव्यात आहेत, आणि या मुलींच्या गळ्यांतही आहेत. रचनेच्या दृष्टीने ही सुसंगती निर्दोष म्हणावी लागेल. संबोधनाच्या दृष्टीने ती त्रासदायक आहे. बसलेल्या स्त्रीला खोली ‘तुम्ही’ म्हणून हाक मारते. उभ्या असलेल्या मुलीला ती हाक मारीत नाही, तिला आकृतींपैकी एक करून टाकते. रोझेटीच्या वनात झाडाझाडापाशी मुक्या आकृती उभ्या होत्या. ही मुकी जागा सालोंमध्ये कोणी भरली, असे विचारले तर उत्तर फलकात शोधण्याची गरज नाही. मार्गारेटने पुरुषाच्या कवितेतून स्त्रीला प्रतिबिंबाच्या बाहेर काढले, असे मी वर म्हटले. ते मागे घेत नाही. मात्र ही सुटका चहाचे पैसे देऊ शकणाऱ्या स्त्रीपुरतीच होती, आणि तिचा काही खर्च ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मुलीने सोसला. ‘समग्र कलाकृती’ या संकल्पनेचा उदोउदो करणारे लेखन भांडी, काटेचमचे, खुर्च्या आणि वेष यांची यादी एका दमात देते. वेषाच्या आत कोणी होते, हे त्या यादीत हरवते.

‘विलो’च्या पुढच्या इतिहासातला एक तपशील या संदर्भात मला फार महत्त्वाचा वाटतो. १९१७ मध्ये मॅकिंटॉशने याच चहागृहासाठी तळघरात एक नवी खोली केली. तिचे नाव होते ‘डग-आउट’, खंदकातल्या आडोशासाठी सैनिक वापरीत तो शब्द. तेथील शेकोटी महायुद्धाचे स्मारक म्हणून बांधलेली होती. पहिल्या मजल्यावरील शोक हा एका कवीच्या पुस्तकातून आलेला, झिरझिरीत आणि जांभळा. तळघरातला शोक शहराच्या घराघरांतून आलेला. १९०३ मध्ये ‘विडोहुड’ हा शब्द काढता पाय घेणाऱ्या गिऱ्हाइकाला नाजूक वाटला असेल; १९१७ मध्ये तो वर्तमानपत्रातला शब्द होता. त्याच वर्षी केट क्रॅन्स्टनचे पती वारले. त्यानंतर बाईंनी आपला व्यवसाय आवरता घेतला. चहागृहाचे मालक बदलले, पुढे ती इमारत एका मोठ्या दुकानात सामील झाली, आणि सालोंमध्ये दीर्घकाळ दुसराच विक्रीव्यवहार चालला. या दोन खोल्यांचे एकत्रित वाचन कोणी केले असल्यास ते माझ्या पाहण्यात नाही. वरच्या खोलीला भावविवश म्हणून हिणवणाऱ्यांनी ते आधी करायला हवे होते.

जीर्णोद्धारानंतर २०१८ मध्ये चहागृह पुन्हा उघडले. रुपेरी खुर्च्या नव्याने घडविल्या गेल्या, आरशांची पट्टी दुरुस्त झाली. मार्गारेटचा मूळ फलक मात्र ग्लासगोच्याच केल्विनग्रोव्ह संग्रहालयात असतो. सालोंमध्ये त्याच्या जागी आता प्रतिकृती आहे. संग्रहालयात मूळ फलकासमोर माणूस उभा असतो, एकटा आणि अनेकदा शेजारची पाटी वाचत. समोर शेकोटी नाही, भोवती आरसे नाहीत, पाठीमागे कपबशांचा आवाज नाही. सालोंमध्ये प्रतिकृतीसमोर तो बसलेला असतो, त्याची छबी काचांत तुटक दिसत असते, आणि चहाचे बिल यायचे असते. सुनिताची हाक या दोहोंपैकी कोठे ऐकू येते, याविषयी मला शंका नाही; ती प्रतिकृतीपाशीच ऐकू येते, आणि ट्रे घेऊन येणारी मुलगी अजूनही तिच्या बाहेर उभी असते.